साडेचौदा टक्क्यांची मोरी

रविवारी दुपारी सासूबाईंच्या घरी धाकटा जावई एकाच वेळी दोन ठिकाणी बसला होता. एक थोरल्या जावयाच्या, म्हणजे मुकादमांच्या, शेजारी ताटावर, बाह्या दुमडून; आणि दुसरा समोरच्या टीव्हीत, टाय बांधून.

"येत्या पाच वर्षांत देशातलं बांधकाम आणि पायाभूत सुविधांचं क्षेत्र दरसाल आठ टक्क्यांनी वाढेल," टीव्हीतला जावई सांगत होता.

"जरा मीठ देता?" ताटावरचा जावई म्हणाला.

सासूबाईंनी टीव्हीवरची नजर न हलवता मीठ वाढलं. ते मुकादमांच्या पाण्याच्या पेल्यात पडलं.

"बघा तरी कसे बोलताहेत!" सासूबाई म्हणाल्या. "एक शब्द अडखळत नाही."

"आई, ते आधी रेकॉर्ड केलेलं असतं," मुकादम म्हणाले.

"असू दे की. तुमच्या लग्नाचंही रेकॉर्डिंग आहे. त्यात तुम्ही स्वतःचं नाव सांगताना अडखळलात."

मुकादमांनी खारट पाणी मुकाट्याने गिळलं. सव्वीस वर्षं ते बांधकामावर उभे होते. उन्हाने त्यांचा रंग विटेसारखा झाला होता आणि आवाज मिक्सरसारखा. आणि हा साडू! अकरा वर्षांपूर्वी घरात आला तेव्हापासून एका थंडगार कचेरीत बसून देशात काय काय बांधलं जाईल याचे अहवाल लिहीत होता. त्याने जन्मात कधी घमेलं उचललं नव्हतं. वाळू आणि खडी यांतला फरक कोणी विचारला असता, तर त्याने आधी मागच्या दहा वर्षांचा तक्ता मागवला असता. पण घरात बांधकामातलं कळतं कोणाला? तर त्याला! कपाळावर एक आठी नाही, नखात माती नाही, आणि केस तर असे, की डिंक लावून ठेवल्यासारखे जागच्या जागी. मुकादमांना त्या केसांचाही राग येई.

"आणि तुमचं काय चाललंय हो सध्या?" सासूबाईंना थोरल्या जावयाची आठवण झाली.

"मोरीचं काम."

"अजून मोरीच? मागच्या वेळी आलात तेव्हाही मोरीच म्हणाला होतात."

आता मोरी म्हणजे नाल्यावरून रस्ता नेणारा बुटका पूल. मुकादमांच्या मोरीवरून उद्या भरलेले ट्रक जाणार होते. पण घरात मोरी म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती भांडी घासायची जागा. मेहुणीला हसू आवरेना. टीव्हीतला साडू तेवढ्यात बोगदे, बंदरं आणि विमानतळांवर पोचला होता.

मुकादमांच्या छातीत काहीतरी करपलं.

"शनिवारी बांधकाम परिषद आहे ना," ते घास मोडत अगदी सहज म्हणाले. परिषदेचा फलक त्यांनी सकाळीच हार्डवेअरच्या दुकानावर पाहिला होता. "तिथे मलाही बोलायला बोलावलंय."

वाढणाऱ्या बायकोचा हात हवेत थांबला. एकोणीस वर्षांच्या संसारात नवरा घराबाहेर बोलतो हेच तिला नवीन होतं.

"अरे वा, साडूभाऊ!" साडू ताटावर ताठ झाला. "मीही आहे तिथे. पण कार्यक्रमपत्रिकेत तुमचं नाव कसं दिसलं नाही मला?"

"राहिलं असेल छापायचं."

"राहिलं असेल? असं कसं राहील?"

"जाऊ द्या हो. आपण काय नावासाठी करतो का?"

"तुम्ही नाही करत, पण त्यांना कळायला नको?" साडूने डाव्या हाताने फोन काढला. मुकादम 'नको नको' म्हणत राहिले, पण ते जितकं नको म्हणत तितका साडूला त्यांचा विनय दिसू लागला. "अध्यक्षसाहेब, हा काय प्रकार आहे? माझ्या साडूंना तुम्ही बोलायला बोलावता आणि पत्रिकेत नाव घालत नाही? सव्वीस वर्षं साइटवर घालवलेला माणूस आहे हो!"

पलीकडच्या अध्यक्षांना अर्थातच काही आठवेना. पण टीव्हीवर दिसणाऱ्या माणसाच्या साडूला आपण बोलावून विसरलो या कल्पनेनेच त्यांना घाम फुटला. त्यांनी तीनदा माफी मागितली, चूक कारकुनाची असल्याचं सांगितलं आणि मुकादमांची वेळ साडूच्या लगेच नंतरची ठरवून टाकली.

चार मिनिटांत खोटं खरं झालं होतं. खोटं पकडलं गेलं असतं तर माणूस एकदाच मेला असता. हे खरं झालेलं निस्तरायला सहा दिवस होते.

सोमवारी परिषदेच्या कारकुनाचा घरी फोन आला. मुकादम कामावर. फोन बायकोने घेतला.

"साहेबांचा हुद्दा काय लिहायचा?"

"ते पूल बांधतात," बायको म्हणाली. मोरी म्हणायची तिची छाती झाली नाही.

"कसले पूल?"

"अवघड," बायको म्हणाली.

मंगळवारच्या वर्तमानपत्रात आलं: 'विख्यात पूलतज्ज्ञ सांगणार पायाभूत सुविधांचं भवितव्य'. मिस्त्रीने ते कात्रण साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत, हजेरीच्या फळीवर खिळ्याने ठोकलं. मिस्त्री मुकादमांचा जुना सोबती. त्याच्या हातात थापी असेपर्यंत तो जगातल्या कोणालाच घाबरत नसे.

"मुकादम, पूलतज्ज्ञ म्हणजे तुम्हीच ना?"

"हो."

"मग ही मोरी आठ महिने का चाललीय?"

मुकादमांनी त्याला खडी चाळायला पाठवलं.

मोरी आठ महिने चालली होती हे खरंच होतं. आधी नकाशा बदलला, मग नाल्यात कोणाची तरी जुनी पाइपलाइन निघाली, मग ती कोणाची हे ठरेना. एवढा काळ पलीकडची वस्ती दोन फळ्यांवरून ये-जा करत होती. त्यात एक नर्सबाई होत्या. रोज सकाळी त्या चपला हातात घेऊन फळ्यांवरून येत आणि रोज विचारत, "मुकादम, किती दिवस?" मुकादम रोज म्हणत, "झालंच आता." आता मात्र खरोखरच होत आलं होतं. सळया बांधून झाल्या होत्या, सेंट्रिंगच्या फळ्या लागल्या होत्या. गुरुवारी वाळू आली की स्लॅब ओतायचा.

पण मुकादमांचं लक्ष स्लॅबवर नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष आकड्यावर होतं.

भाषण म्हटलं की आकडा हवा. साडूचा आठ होता. आता आपणही आठ म्हणावं तर त्याची री ओढल्यासारखं होणार. सात म्हणावं तर बांधकामावरचा माणूसच बांधकामाला कमी लेखतो असं व्हायचं. सोमवारी दुपारी डबा खाताना त्यांनी बायकोला फोन करून सांगितलं, "मी नऊ म्हणणार आहे."

"नऊ काय?"

"टक्के. देशाची वाढ."

बायकोने हे आपल्या धाकट्या बहिणीला सांगितलं, कारण दोघी बहिणी रोज दुपारी फोनवर बोलत आणि बोलायला रोज नवीन काही नसे. संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, ते आता साडेनऊ म्हणणारेत."

"साडेनऊ?" मुकादम चहाचा कप खाली ठेवून उभे राहिले. "काल तर टीव्हीवर आठ होते!"

"तुमचं ऐकून रात्रभर विचार केला म्हणे... म्हणजे दुपारभर."

"बघ! बघितलंस? मी नऊ म्हटलं तर ह्याचे साडेनऊ. ह्याला माझ्या पुढे अर्धा टक्का तरी हवाच! सांग तिला, मी अकरा म्हणणार आहे."

"अहो, पण देश वाढेल का तेवढा?"

"का नाही वाढणार? साडेनऊला त्याच्यासाठी वाढतो आणि अकराला माझ्यासाठी नाही वाढणार?"

मंगळवारी साडू साडेअकरावर आला. मुकादम बारावर गेले. बुधवारी सकाळी पलीकडून तेरा आले आणि दुपारी इकडून चौदा गेले. दोन स्वयंपाकघरांतल्या दोन फोनांवर देश असा वाढत होता, आणि ज्यांच्यासाठी तो वाढत होता ते दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

रोज दुपारी मुकादम पत्र्याच्या खोलीचं दार लावून भाषणाची तालीम करत. "मान्यवरहो! देशाचं बांधकाम क्षेत्र दरसाल चौदा टक्क्यांनी वाढणार म्हणजे वाढणार!" मिक्सरच्या आवाजावर चढायची सवय असलेला गळा तो. भिंती पत्र्याच्या. बाहेर डबे खात बसलेले सगळे गवंडी रोजचा आकडा घास थांबवून ऐकत. मिस्त्रीने तो वाळूवाल्याला सांगितला. वाळूवाला त्यांचा नेहमीचा पुरवठादार, तीन ट्रक आणि नदीकाठी एक मोठं आवार असलेला, फारसा न बोलणारा माणूस.

गुरुवारी वाळू आली नाही.

दहा वाजले, अकरा वाजले. मिक्सर रिकामा फिरत होता. मुकादमांनी फोन लावला.

"ट्रक कुठे आहे?"

"आवारात आहे," वाळूवाला म्हणाला.

"आवारात काय करतोय? स्लॅब आहे आज!"

"मुकादम, तुम्ही मोठे झालात, पण मला अगदीच खुळा समजू नका. चौदा टक्के वाढ येतेय. तुमच्याच तोंडचा आकडा आहे. आज वाळू विकणारा माणूस उद्या कपाळावर हात मारून घेईल. मी थांबतो."

"अरे, ते चौदा... ते देशाचे आहेत! आपली मोरी वेगळी!"

"देशात येत नाही का मोरी?" वाळूवाल्याने फोन ठेवला.

मुकादमांनी दुसऱ्या वाळूवाल्याला फोन केला. त्याने पहिल्याकडून ऐकलं होतं. तिसऱ्याने दुसऱ्याकडून ऐकलं होतं आणि त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत चौदाचे सोळा झाले होते. संध्याकाळी मिस्त्री हात बांधून समोर उभा राहिला.

"तेजी येणार म्हणतात मुकादम. मग पोरं विचारताहेत, आपण इथे सळयांची राखण करत बसायचं, का मोठ्या कामावर जायचं?"

"कोण म्हणतं तेजी येणार?"

मिस्त्रीने हजेरीच्या फळीवरच्या कात्रणाकडे बोट दाखवलं.

शुक्रवारी कामावर चिटपाखरू नव्हतं. एवढ्या मोठ्या तेजीच्या भरात देशातलं निदान एक काम तरी पूर्ण बंद पडलं होतं, आणि ते मुकादमांचं होतं. ते एकटेच सेंट्रिंगच्या फळ्यांवर बसून होते. नर्सबाई नाल्यावरच्या त्या दोन फळ्यांवरून येताना अर्ध्यात घसरल्या. त्या सावरल्या, पण एक चप्पल नाल्यात गेली. मुकादमांनी बांबूने ती काढायचा प्रयत्न केला, तर ती आणखी पुढे वाहत गेली.

"मुकादम," नर्सबाई एका पायावर उभ्या राहून म्हणाल्या, "वर्तमानपत्रात वाचलं. पूलतज्ज्ञ तुम्हीच का?"

मुकादमांनी बांबू खाली ठेवला.

"उद्या येते मी ऐकायला," त्या म्हणाल्या आणि एका चपलेने इस्पितळात गेल्या.

एवढं होऊनही शुक्रवारी संध्याकाळी बायको जेव्हा म्हणाली, "अहो, त्यांचा शेवटचा आकडा आला. साडेचौदा," तेव्हा मुकादमांच्या तोंडून वाळू निघाली नाही, मोरी निघाली नाही, चप्पलही निघाली नाही. निघालं ते एवढंच: "मग मी पंधरा."

परिषदेचं सभागृह खच्चून भरलं होतं. पहिल्या रांगेत सासूबाई, मेहुणी आणि बायको. चौथ्या रांगेत मिस्त्री आणि गवंडी, धुतलेल्या कपड्यांत अवघडून बसलेले. खांबाआड वाळूवाला. आणि मागच्या दाराशी, पायात नव्या चपला घातलेल्या नर्सबाई. मुकादम व्यासपीठावर साडूच्या शेजारी बसले. साडूने वाकून त्यांच्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय बघितला आणि आपली खुर्ची त्यांना दिली. मुकादमांना त्याचाही राग आला. चांगलं वागायलासुद्धा हाच पुढे!

साडू बोलायला उभा राहिला. एकदाही अडखळला नाही. रस्ते झाले, बंदरं झाली, घरं झाली. "आणि म्हणून मित्रहो, मी माझा जुना अंदाज बदलतो आहे. कागदावर बसून मी आठ टक्के म्हणत होतो. पण जमिनीवर उभं राहून काम करणाऱ्या एका जाणकाराने माझे डोळे उघडले. साडेचौदा टक्के!"

टाळ्या कडाडल्या. खांबाआडून वाळूवाल्याने सगळ्यांत जोरात वाजवल्या.

मुकादम माइकसमोर आले. खिशात कागद होता, कागदावर पंधरा होते. त्यांनी घसा साफ केला. "मान्यवरहो..."

"एक प्रश्न," मागच्या दाराकडून आवाज आला. "आधी विचारला तर चालेल? माझी ड्यूटी आहे." नर्सबाई उभ्या होत्या. अध्यक्षांनी नाइलाजाने मान हलवली. "आमच्या नाल्यावरची मोरी कधी होणार?"

सभागृहात कोणीतरी हसलं. सासूबाईंनी मोरी हा शब्द ऐकून मान वळवली.

"झालंच आता," मुकादम सवयीने म्हणाले.

"हे आठ महिने ऐकतेय. काम परवापासून बंद का आहे?"

"वाळू नाही."

"का नाही?"

"वाळूवाल्याने अडवलीय."

"का अडवलीय?"

"भाव चढतील म्हणून. देशाची एवढी वाढ होणार म्हणून."

आता सगळेच हसू लागले. अध्यक्षही हसले. "पण एवढी वाढ होणार, हे सांगितलं कोणी त्याला?" नर्सबाईंनी विचारलं. त्या मात्र हसत नव्हत्या.

मुकादमांनी डावीकडे पाहिलं. साडू तिथे बसला होता, केस जागच्या जागी. साडेचौदा त्याच्या तोंडून पडून अजून पाच मिनिटं झाली नव्हती. नुसतं बोट दाखवायचं होतं. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण ताटात वाढून समोर आला होता, आणि पहिल्या रांगेत सासूबाई होत्या. मुकादमांचं बोट वर आलंसुद्धा. मग त्यांना नाल्यातून वाहत जाणारी चप्पल दिसली. बोट तसंच वळलं आणि त्यांच्याच छातीवर टेकलं.

"मी," ते म्हणाले.



"मला देशाचं काही कळत नाही," मुकादम म्हणाले. मिक्सरचा आवाज एकदम खाली आला होता. "मला बोलावलंही नव्हतं इथे. आमचे साडू टीव्हीवर आठ म्हणाले. माझ्या पोटात दुखलं, म्हणून मी नऊ म्हटलं. ते साडेनऊ म्हणाले, म्हणून मी अकरा. असं करत करत चौदावर आलो. आता खिशात पंधरा आहेत." त्यांनी कागद काढून दाखवला. "ह्या आकड्यांना माझ्या पोटदुखीपलीकडे काही आधार नाही."

साडू ताडकन उठला. मुकादमांना वाटलं, झालं, आता चिडला. आणि खरं सांगायचं तर त्यांना थोडं बरंही वाटलं.

"साडूभाऊ, थांबा!" साडू म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "म्हणजे तुमच्याकडे आतली बातमी नव्हती? मला वाटलं, सव्वीस वर्षांचा माणूस नऊ म्हणतो म्हणजे साइटवर काहीतरी दिसत असणार. मी वाढवून साडेनऊ केले. तुम्ही लगेच अकरा म्हणालात. मी म्हटलं, बापरे, आपण फारच मागे आहोत!"

आता मात्र सभागृह फुटलं. कोणी खुर्चीवर हात आपटत होतं, कोणी डोळे पुसत होतं. पहिल्या रांगेत दोघी बहिणी एकमेकींकडे न बघता सरळ समोर बघत बसल्या होत्या.

"शांत, शांत!" अध्यक्ष म्हणाले. "मग खरा आकडा कोणता समजायचा? आठ?"

साडू माइकजवळ गेला आणि पहिल्यांदाच अडखळला. "खरं म्हणजे... साडेसात. आठ ऐकायला बरं वाटतं."

साडेचौदाचे साडेसात झालेले ऐकताच खांबाआडचा वाळूवाला उठला आणि लोकांच्या पायांवर पाय देत दाराकडे धावला. सोमवारी सकाळी साइटच्या राखणदाराने फाटक उघडलं, तेव्हा बाहेर वाळूचे तीन ट्रक रांगेत उभे होते. गुरुवारी न आलेला, सोमवारचा आणि भाव पडायच्या आत म्हणून आणखी एक. गवंडीही आले. मोठं काम कुठलंच निघालं नव्हतं. दुपारपर्यंत स्लॅब पडला.

मुकादमांना वाटलं होतं, सभेनंतर निदान घरात तरी आपल्या खरेपणाचं कौतुक होईल. सासूबाईंना ते भेटायला गेले, तर त्या शेजारणीला सांगत होत्या, "अहो, भर सभेत, एवढ्या लोकांपुढे आकडा चुकला म्हणून कबूल केलं! केवढं मन लागतं त्याला! आमच्या धाकट्या जावयांनीच करावं ते."

"आई, आधी मी कबूल केलं," मुकादम म्हणाले.

"हो, पण तुमचं खोटं होतं. त्यांची चूक होती," सासूबाई म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी मोरी पुरी झाली. वरून रस्ता गेला, फळ्या निघाल्या आणि नर्सबाई पहिल्यांदा दोन्ही चपला पायात ठेवून नाला ओलांडून गेल्या. त्या "झालं बाई एकदाचं" एवढंच म्हणाल्या, पण मुकादमांनी ते दिवसभर मनातल्या मनात चारपाच वेळा ऐकलं. एका बाजूच्या कठड्याचा वरचा थर तेवढा बाकी होता. मिस्त्री विटा लावत होता. तेवढ्यात साडूची गाडी आली. तो एकटाच होता. त्याने गाडी अलीकडे ठेवली, मोरीवरून चालत पलीकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. मधे थांबून त्याने पाय आपटून पाहिला.

"मजबूत आहे हो," तो म्हणाला.

"साठ वर्षं कुठे जात नाही."

साडू कठड्यावर हात ठेवून उभा राहिला. एक हातगाडी गेली, मग भाजीचा टेम्पो, मग शाळेतल्या बाई सायकलवरून गेल्या. कोणी मोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळे नुसते तिच्यावरून गेले.

"अकरा वर्षांत मी साठएक अहवाल लिहिले असतील," साडू म्हणाला. "त्यातल्या एकावरूनही कोणी पलीकडे गेलं नाही. तुमचं बरं आहे."

त्याने हे हसत म्हटलं, पण मुकादमांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि ते दचकले. ती नजर त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. अकरा वर्षं रोज सकाळी दाढी करताना ती त्यांना आरशात दिसत आली होती. साडूच्या पोटात दुखत होतं! टायवाल्या, टीव्हीवाल्या, केसवाल्या साडूच्या पोटात, आणि तेही मोरीपायी! मुकादमांना वाटलं, आपण आता हवेत चार बोटं वर चाललो आहोत. एकदम त्यांना साडूबद्दल माया दाटून आली. बिचारा, काही झालं तरी आपला साडू.

"एक वीट लावून बघता का?" ते मोठ्या मनाने म्हणाले.

"मी? खरंच लावू?"

"लावा की. बिघडली तर मिस्त्री काढेल. पहिल्या वेळी सगळ्यांचीच वाकडी बसते. माझी तर दोनदा पडली होती."

मिस्त्रीने थापी दिली. गवंडी काम सोडून भोवती जमले. साडूने बाह्या दुमडल्या, सिमेंट-वाळूचा माल पसरला, वीट उचलली, डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं आणि ठेवली. वरून थापीच्या मुठीने दोनदा ठोकली. चेहऱ्यावर मालाचा एक शिंतोडा उडाला; तो त्याला शोभूनही दिसला.

मुकादम खिशातली लेव्हल काढत पुढे झाले. "थोडी डावीकडे कलली असेल," ते प्रेमाने म्हणाले आणि लेव्हल विटेवर आडवी ठेवली. काचेतला बुडबुडा थरथरला, सरकला आणि दोन रेघांच्या बरोब्बर मधोमध येऊन थांबला. मुकादमांनी लेव्हल उचलली, पुसली, उलटी करून पुन्हा ठेवली. बुडबुडा मधोमध.

"वा!" मिस्त्री म्हणाला. सव्वीस वर्षांत त्याने मुकादमांना कधी वा म्हटलं नव्हतं. "साहेबांना उपजत हात आहे."

गवंड्यांनी टाळ्या वाजवल्या. साडू लाजला. मग हात धुऊन, मुकादमांचे तीन वेळा आभार मानून तो गेला. संध्याकाळी माणसं गेली, मिस्त्री गेला. मुकादम एकटेच कठड्यापाशी रेंगाळले. त्यांनी मागेपुढे पाहिलं, कोणी नव्हतं. खाली पडलेली थापी उचलून त्यांनी त्या विटेच्या एका कडेला हळूच एक टोला दिला आणि घाईघाईने लेव्हल ठेवली.

बुडबुडा जागचा हलला नाही.